भूमध्य समुद्रावरील आठ दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि त्यांतली दोन हा माइक सारखा करण्यातच गेली. तेव्हा प्रस्तावना न करता बोटीवरच चढते.

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघे भूमध्य समुद्रावर आठ दिवसांची सफर करून आलो, हे आपणांपैकी बहुतेकींना ठाऊक आहे. लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून मुलांनी तिकिटे काढून दिली. यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा दोन वर्षे होत आली होती. डॉक्टरांनी खुशाल जा म्हणून सांगितले. पण डॉक्टर 'जा' म्हणतात आणि आपापल्या घरी जातात, रात्री उठून श्वास ऐकायचा तो बायकोने! त्या दोन वर्षांत मी बायको कमी आणि परिचारिका अधिक झाले होते. सकाळच्या गोळ्या, दुपारच्या गोळ्या, मिठाचा चमचा मोजून, जिन्यावरून उतरताना पाठोपाठ मी. तशीच मी बोटीवर गेले, हे आधी सांगून ठेवते. पुढच्या हकीकतीला त्याची गरज आहे.

रोमला समुद्र नाही. रोमची बोट म्हणजे सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या चिवितावेक्किया या बंदरातून निघणारी बोट. धक्क्यावर उभे राहून वर पाहिले तर बोट कसली, आपल्या मुंबईतल्या चौदा-पंधरा मजली इमारतींची अख्खी सोसायटीच पाण्यावर तरंगते आहे असे वाटावे! मोठे सामान धक्क्यावरच काढून घेतात आणि ते खोलीत पोचायला संध्याकाळ होते. म्हणून औषधे, चष्मा, एक जोडी कपडे हे सर्व हातातल्या पिशवीत ठेवावे. आमच्या शेजारच्या एका बाई रात्रीपर्यंत प्रवासाच्याच कपड्यांत बसून होत्या. शिवाय व्हिसा काढताना वाटेतले सगळे देश नीट पाहून घ्यावेत. आमच्या वाटेवरचे इटली, माल्टा, स्पेन आणि फ्रान्स हे चारही देश शेंगेन करारातले, त्यामुळे एका व्हिशावर भागले. मध्ये तुर्कस्तान असेल तर बाहेर जाऊन पुन्हा आत यावे लागते आणि व्हिसा तशा प्रकारचा लागतो.

बोट सुटण्यापूर्वी प्रत्येकाला आपत्कालीन जागी जाऊन हजेरी द्यावी लागते. लोक कंटाळा करतात. मला मात्र ठाऊक होते की याच बंदरातून १३ जानेवारी २०१२ च्या संध्याकाळी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही बोट निघाली, काही तासांत जिल्यो बेटाच्या खडकावर आपटून कलंडली आणि ३२ माणसे दगावली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची ही कवाईत व्हायचीच होती. त्यानंतर नियम कडक झाले. तेव्हा कुणी गेलात तर जाकीट कुठे आहे, जिना कुठला, हे मुकाट्याने पाहून घ्या.

पहिल्या रात्री मी गॅलरीत उभी राहून पाहत होते. आमचे माहेर गुहागरकडचे. समुद्र म्हटला की भरती-ओहोटी आलीच. ओहोटीला उघडी पडणारी खाजणे, शिंपल्या वेचणाऱ्या बाया, असे ते चित्र. भूमध्य समुद्राला ओहोटी जवळजवळ नाहीच. पाणी वीत-दीड वीत वर-खाली झाले तर झाले. चारी बाजूंनी जमीन आणि जिब्राल्टरपाशी एक अरुंद दार, त्यामुळे महासागराची भरती आत येऊ शकत नाही. त्यांच्या बंदरांतली घरे अगदी पाण्याला पाय लावून बसलेली असतात ती यामुळेच. आपल्याकडे कोण असे धाडस करील!

दुसऱ्या दिवशी नेपल्स. बोटीवरचे बहुतेक लोक पॉम्पेईचे अवशेष पाहायला गेले. उन्हात दगडी रस्त्यांवरून तीन-तीन तास चालणे यांना झेपणारे नव्हते, म्हणून आम्ही टॅक्सी करून गावातल्या पुरातत्त्व संग्रहालयात गेलो. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली ते गाव गाडले गेले, त्यातून निघालेल्या पुष्कळ वस्तू इथेच ठेवल्या आहेत. कोळसा झालेला एक गोल पाव पाहिला. त्यावर आठ भागांच्या खुणा अजून स्वच्छ दिसतात. कुणा बाईने सकाळी आणला असेल आणि वाढायचा राहून गेला. झारे, गाळण्या, साचे तर असे, की उचलून आपल्या ओट्यावर ठेवावेत.

पण मी गेले होते ती वेगळ्याच वस्तूसाठी. १९३८ साली पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची एक हिंदी मूर्ती सापडली. वीतभर उंचीची, अंगभर दागिने ल्यालेली, दोन्ही बाजूंना दोन दासी. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले, हल्ली पंडित लोक यक्षी म्हणतात. आता गंमत ऐका. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात मिळाल्या आणि त्यावरून पुरातत्त्वज्ञ डॉ. मधुकर ढवळीकरांनी मत दिले, की ही नेपल्सची बाईही भोकरदनकडचीच असावी. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी मराठवाड्यातून निघालेली एक बाई बैलगाडीने, मग गलबताने, मग उंटावरून करीत रोमनांच्या घरी जाऊन बसली होती! आमचे विमानाचे आठ-नऊ तास मी त्या क्षणापासून सांगायचे सोडून दिले.

ती ज्या दालनात आहे त्याचे नाव 'गुप्त दालन'. पॉम्पेईत सापडलेल्या काही वस्तू चारचौघांत दाखवण्याजोग्या नाहीत असे तिथल्या युवराजाला वाटले, म्हणून १८१९ साली त्या वेगळ्या कोंडल्या. पुढे प्रौढ आणि सच्छील पुरुषांना परवानगीने आत सोडीत, बायकांना मज्जाव. सर्वांसाठी ते दालन कायमचे उघडले २००० साली. आपल्याकडची ही बाई अशी कुलूपबंद खोलीत आणि तिला भेटायला बायकांनाच बंदी! मी तिच्यापुढे चांगली दहा मिनिटे उभी राहिले. दालनातल्या बाकीच्या वस्तूंविषयी इथे बोलत नाही. तरुण सभासदांनी नंतर विचारावे.

नेपल्सहून मेसिनाच्या वाटेवर रात्री अंधारात स्ट्रॉम्बोली बेट लागते. तो जिवंत ज्वालामुखी आहे. डेकवर सगळे शाली गुंडाळून उभे. थोड्या थोड्या वेळाने शिखरावर लाल ठिणगी उडे, विझे. कुणी बोलत नव्हते. मेसिनाविषयी फार सांगत नाही. १९०८ च्या डिसेंबरातल्या भूकंपात ते गाव पार जमीनदोस्त झाले होते, त्यामुळे बरेचसे नवेच आहे. चर्चच्या मनोऱ्यावरचे घड्याळ मात्र दुपारी बाराला पाहावे. सिंह डरकाळी फोडतो, कोंबडा आरवतो, आणि खाली उभे असलेले म्हातारे लोक आपल्या नातवंडांसारखे टाळ्या पिटतात. आमच्या यांनीही पिटल्या.

माल्टाची राजधानी व्हॅलेटा. बोट बंदरात शिरते तेव्हा दोन्हीकडे मधाच्या रंगाचे तट असे उंच उभे असतात, की आपण जंजिऱ्यात शिरतो आहोत असे वाटते. १५६५ साली तुर्कांचा वेढा परतवल्यावर तिथल्या सरदारांनी पुढच्याच वर्षी हे शहर वसवायला घेतले. मला कौतुक वाटले ते भाषेचे. माल्टी भाषा अरबीच्या कुळातली, पण लिहितात रोमन लिपीत. दुकानात एक बाई फोनवर बोलत होती आणि मधूनच माझ्या कानावर 'दिन्या' असा शब्द आला. विचारले तर अर्थ जग, आपली दुनिया! पुस्तकाला म्हणतात 'क्तिएब', म्हणजे किताब, बातमीला 'अहबार'. अरबीतून फारसीमार्गे ते शब्द आपल्याकडे आले आणि थेट त्यांच्याकडे गेले. सिंधी व्यापाऱ्यांची घराणी तिथे शंभराहून अधिक वर्षे नांदत आहेत, हेही त्या बाईकडूनच कळले.

व्हॅलेटा सोडल्यावर बार्सेलोनापर्यंत एक पूर्ण दिवस आणि दोन रात्री नुसता समुद्र. नेमके त्या दिवशी पहाटे चार वाजता हे उठले आणि न्हाणीघरात जाऊन वाकले. उलट्या सुरू झाल्या. अंगात कणकण, चेहरा पांढरा. दोन वर्षे मी ज्या रात्रीची वाट पाहत होते ती हीच, आणि ती आली कुठे, तर जमीन कुठल्याही बाजूला दिसत नसताना!

मी फोन उचलला. इंग्रजी बोलताना एरवी मी वाक्य मनात जुळवते. त्या वेळी जुळवले नाही. 'हार्ट पेशंट, बायपास, व्हॉमिटिंग, कम नाऊ,' एवढे बोलले आणि चाकांची खुर्ची घेऊन माणसे आली. बोटीवर लहानसे रुग्णालय असते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले, सलाइन लावले. तासाभराने म्हणाल्या, हृदय ठीक आहे. पोटाचा संसर्ग आहे. बोटीवर हा फार भराभर पसरतो, म्हणून अठ्ठेचाळीस तास यांनी खोलीबाहेर पडायचे नाही. मला त्रास नव्हता, तेव्हा मी हात धुऊन फिरायला मोकळी. बिल चारशे ऐंशी युरोंचे झाले. विम्याने ते नंतर दिले, पण प्रत्येक कागद मागितला. विमा उतरवताना जुने दुखणे स्वच्छ लिहावे. आमच्या मुलाने ते लिहिले होते म्हणूनच निभावले.

आमची खोली आवरणारा मुलगा गोव्याचा, सासष्टीतला. तिथे दर्यावर नोकरी करणाऱ्यांना तारवटी म्हणतात. याचे वडीलही तारवटीच. तोंडावर मुखपट्टी लावून तो दुपारी आला आणि म्हणाला, 'बाय, साहेबांक पेज आणू?' नोकरांच्या मुदपाकखान्यात त्यांच्यापुरता भात शिजतो, त्यातून त्याने पेज करवून आणली. तोवर चार दिवस चीज आणि पास्ता यांच्या चाळीस प्रकारांनी जे झाले नव्हते ते त्या वाडगाभर पेजेने झाले. एरवी शाकाहाराची अडचण पडली नाही, हे जाता जाता सांगते. आदल्या दिवशी सांगून ठेवले तर वरण-भाजीही करून देत. पण आजाऱ्याची पेज ही मागायची कशी, हे मला सुचले नव्हते. त्याला न सांगता सुचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बार्सेलोना. यांचा ताप उतरला होता, पण खोलीबाहेर पडायला बंदी. आमच्याजवळ 'साग्रादा फामिलिया' या मंदिराची अकरा वाजताची दोन तिकिटे होती, महिनाभर आधी काढलेली. मी ती पर्समध्ये तळाशी घातली आणि खुर्ची ओढून यांच्याजवळ बसले. हे म्हणाले, 'तू जाऊन ये.'

मी म्हटले, 'काहीतरीच!'

'काहीतरीच काय? डॉक्टर आहे, तो मुलगा दर तासाला डोकावणार आहे, फोन उशाशी आहे. दोन वर्षांत तू मला सोडून तासभर कुठे गेली नाहीस. जा.'

मैत्रिणींनो, आल्यावर ही गोष्ट मी दोन-तीन घरी सांगितली. कुणी तोंडावर काही बोलले नाही. पण 'आजारी नवऱ्याला बोटीवर टाकून एकटी फिरून आली' हे वाक्य मजपर्यंत पोचायचे राहिले नाही. म्हणून आज सर्वांसमोर सांगते, की होय, गेले.

उतरण्याच्या शिडीपाशी मी उभी राहिले आणि परत फिरणार होते. मागून एक जर्मन आजीबाई काठी टेकीत आल्या, त्यांना वाट द्यायला म्हणून मी पुढे झाले, आणि झाले झाले ते जमिनीवरच! बंदराची बस कोलंबसाच्या खांबापाशी सोडते. तिथून भुयारी रेल्वे. कागदावर लिहून घेतले होते: हिरव्या रेषेवर तिसरे स्थानक, उतरून जांभळी रेषा, तिचेही तिसरे स्थानक. खिसेकापूंची तिथे ख्याती आहे, म्हणून पर्स पदराखाली धरून बोटे मोजत बसले होते. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात मी परक्या गावात एकटीने गाडी बदललेली ही पहिली वेळ. वर आले आणि समोर ते मंदिर.

गावदी हा त्याचा शिल्पकार. पायाचा दगड १८८२ साली बसला, पुढच्याच वर्षी काम त्याच्याकडे आले आणि १९२६ साली ट्रामखाली सापडून तो गेला तेव्हा थोडाच भाग उभा होता. मी गेले तेव्हाही वर याऱ्या फिरत होत्या. आत खांब नाहीत, झाडे आहेत. खाली सुपारीसारखा सरळ सोट बुंधा आणि वर गेल्यावर फणसासारख्या फांद्या फुटलेल्या, आणि त्या फांद्यांवर छप्पर पेललेले. पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या, पश्चिमेच्या तांबड्या-केशरी. सकाळी आतले लोक पाण्यात उभे असल्यासारखे दिसतात. मग ऊन सरकते तसा एकेकाच्या चेहऱ्यावर तांबूस रंग चढतो. मी एका बाकावर बसले. माझ्या शेजारची खुर्ची, म्हणजे खरे तर यांची, रिकामी नव्हती. कुणी कोरियन मुलगी येऊन बसली होती.

तिथे मी दोन तास होते. त्या दोन तासांत मला यांची आठवण झाली नाही. गोळीची वेळ झाली ती टळून गेल्यावर ध्यानात आली, आणि गोळी काही माझ्यावाचून अडणार नव्हती. हे ऐकायला बरे वाटत नसेल, पण झाले ते असे झाले.

बोट सुटण्याच्या दोन तास आधीच मी परत आले. दार उघडले तर हे दाढी करून, स्वच्छ सदरा घालून गॅलरीत बसलेले. पेज घेतली होती, गोळी घेतली होती, रिकामा वाडगाही विसळून ठेवला होता. मी विचारणार, तोच हे म्हणाले, 'आज दोन वर्षांनी असा दिवस गेला, की मला कुणी 'बरं वाटतंय ना' म्हणून विचारलं नाही. फार बरं वाटलं!' मी पुढे आलेला प्रश्न गिळला. मग त्यांना मंदिर सांगितले. तास-दीड तास सांगत होते. तिकिटाचे पैसे असे वसूल झाले.

मार्सेला हे उठले ते शाळकरी मुलासारखे. कारण उघड आहे. ८ जुलै १९१० रोजी याच बंदरात 'मोरिया' बोटीच्या गवाक्षातून सावरकरांनी उडी घेतली. शाळेत ऐकताना आपण अथांग सागर आणि मैलोगणती पोहणे असे काही डोळ्यांपुढे आणतो. बोट बंदरात उभी होती, अंतर थोडे होते, आणि काही मिनिटांतच त्यांना फ्रेंच जमिनीवर धरून परत इंग्रजांच्या हवाली केले गेले. माझ्या मते अंतर थोडे असल्याने त्या उडीचे मोल काडीइतके कमी होत नाही. खालचा दगडी धक्का, वरचा पहारा आणि न येणारी फ्रेंच भाषा हे सगळे तसेच राहते. फ्रान्सच्या भूमीवर धरलेला माणूस परत द्यावा की नाही हा वाद हेगच्या न्यायासनापुढे गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. हे कठड्याला धरून बराच वेळ खाली पाण्याकडे पाहत राहिले. मी त्यांना धरले नव्हते.

जुन्या बंदरावर सकाळी मासे विकायला बसतात त्या बायका. निळ्या ट्रेमध्ये मासे फडफडत असतात आणि वजन करता करता गिऱ्हाइकाचा उद्धार चाललेला असतो. शब्द कळत नव्हते, पण सूर थेट आपल्या कोळणींचा. मी एकीला हसून नमस्कार केला तर तिने मला बोंबील असावा तसला एक मासा वर उचलून दाखवला.

आठव्या दिवशी जिनोआला आमची सफर संपली. आदल्या रात्री सामान चिठ्ठ्या बांधून दाराबाहेर ठेवायचे असते; औषधे पुन्हा हातातल्या पिशवीत. गोव्याच्या मुलाने आईसाठी एक लहान पुडके दिले होते, ते आम्ही पुढे मडगावला नेऊन पोचवले. गाडीला वेळ होता म्हणून बंदरालगतच्या कमानींखालून हिंडत होतो, तोच यांना वास आला. हे म्हणाले, 'बेसन भाजतंय कुणी तरी.' मला वाटले, तापाचा परिणाम असावा. पण खरेच, एका भटारखान्यात मोठ्या पसरट तांब्याच्या परातीत बेसनाचे पिवळे काहीतरी लाकडाच्या भट्टीतून बाहेर काढत होते. त्याला फारिनाता म्हणतात. आजारानंतर हे पहिल्यांदाच 'आणखी घे' म्हणाले.

मी दुकानदारिणीला खुणांनीच कृती विचारली. एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, मीठ. गुठळी न राहता कालवून चार-पाच तास ठेवायचे, वर येणारा फेस काढून टाकायचा, ताटाला सढळ ऑलिव्हचे तेल लावून पातळसर ओतायचे आणि अगदी कडक तापलेल्या भट्टीत कडा तांबूस होईपर्यंत भाजायचे. वरून मिरपूड. इथे आपले गोडे तेल घालून मी करून पाहिले, चांगले होते. आज चहाबरोबर जे चौकोनी तुकडे ठेवले आहेत ते तेच. मीठ नेहमीच्या मापाने घातले आहे. यांनी स्वतः चाखून पाहिले.